तुम्ही विचारलंत म्हणून: राजा एका पुस्तकावर एवढा पैसा का घालायचा?

इराणी लघुचित्रांवर बोलायला कुठेही गेले की नंतर चहा घेताना कोणीतरी विचारतंच, मॅडम, चित्रं सुंदर आहेत हो, पण एका पुस्तकापायी एवढा खर्च, आणि ते वाचणार कोण होतं?

तर इराणचा राजा शाह तहमास्प याचं शाहनामा घ्या, म्हणजे फिरदौसीने लिहिलेल्या इराणी राजांच्या महाकाव्याची त्याच्यासाठी केलेली सचित्र प्रत. तबरीझला 1520 च्या दशकात सुरू झालं, 759 पानं, 258 चित्रं, डझनभर तरी चित्रकार, आणि काम पुढे कितीतरी वर्षं चाललं. तहमास्पचं सफवी घराणं तेव्हा नवीन होतं, बाप शाह इस्माईल स्वतः कविता करायचा तुर्कीत, पण पोरांची नावं ठेवली तहमास्प, साम, बहराम, म्हणजे थेट फिरदौसीच्या शाहनाम्यातली. आपल्याकडे नवीन गादी आली की कशी जुनी वंशावळ शोधून आणायचे, तसंच हे, फक्त रंगात आणि सोन्यात. शिवाय पोरगा दहाव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याला स्वतःला चित्रांचं वेड, सुलतान मुहम्मद नावाच्या चित्रकाराकडे शिकायचा. त्याच सुलतान मुहम्मदने शाहनाम्यातला पहिला राजा गयुमर्स, त्याच्या दरबाराचं चित्र काढलं, त्यातली माणसं बिबट्याची कातडी नेसून बसलीत, आणि 1544 मध्ये दोस्त मुहम्मद नावाच्या सुलेखनकाराने लिहून ठेवलंय की ते बघून भल्याभल्या चित्रकारांच्या माना शरमेने खाली गेल्या.

पण राजाचं वेड ते, कधी उतरेल सांगता येत नाही. तहमास्प पुढे धार्मिक झाला, चित्रांवरनं मन उडालं, मग त्याच्याकडचे चित्रकार मीर सय्यद अली आणि अब्दुस समद हुमायूनकडे निघून आले. अकबराच्या हमझानाम्याचं, म्हणजे हमझाच्या शौर्यकथांच्या सचित्र ग्रंथाचं काम आधी एकाने मग दुसऱ्याने सांभाळलं, आणि अब्दुस समदच्या हाताखाली दसवंत हा चित्रकार तयार झाला, पालखी वाहणाऱ्या कहाराचा पोरगा! (हे माझं सगळ्यात आवडतं, विषय निघाला नाही तरी मी काढते.)

आणि शाहनामा? 1568 मध्ये तुर्कस्तानच्या उस्मानी घराण्यातल्या सुलतान दुसऱ्या सलीमला नजराणा म्हणून गेलं, म्हणजे ज्यांच्याशी सफवी वर्षानुवर्षं लढले त्यांच्याच घरी. आणि वाचणारा तिथे भेटला बघा, 1800 च्या सुमारास राजवाड्यातल्या एका अधिकाऱ्याने प्रत्येक चित्रात काय चाललंय ते तुर्कीत लिहून ठेवलं. नजराणा देऊन जवळजवळ चारशे वर्षं झाली तरी पुस्तक शाबूत होतं. मग 1959 मध्ये हॉटन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने ते घेतलं आणि चक्क पानं सुटी केली, 78 चित्रं न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला दिली, काही लिलावात विकली. मला अजून राग येतो त्याचा. 1994 मध्ये उरलेली 118 चित्रं इराणने परत मिळवली, तीही व्हिएन्नाच्या विमानतळावर, बदल्यात डी कूनिंग या आधुनिक चित्रकाराचं एका नग्न बाईचं पेंटिंग देऊन.

गयुमर्सचं पान त्यात नव्हतं. ते टोरांटोला आहे.