अंजनेरीच्या वानरांना केळी नकोत

शनिवारी नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर चढणाऱ्या बऱ्याच पिशव्यांत केळी नाहीतर फुटाणे असतात. मारुतीच्या जन्मस्थानी वानराच्या हातावर काहीतरी ठेवावं, हा भाव समजण्यासारखा आहे. पण पोट मारुतीचं नाही, पाला खाणाऱ्या जनावराचं आहे.

आधी ओळख पटवा. काळं तोंड, करडं अंग, अंगाहून लांब शेपूट ते वानर. मातकट रंगाचं, तांबूस तोंडाचं ते माकड. माकडाच्या गालात पिशव्या असतात, म्हणून ते दाणे कोंबून पळतं. वानराला त्या नसतात. मिळालं ते चावून गिळायचं आणि थेट पोटात.

ते पोट कप्प्याकप्प्यांचं. पुढच्या मोठ्या भागात जिवाणू पाला आंबवतात. तिथला सामू (पीएच) साधारण ५ ते ७, म्हणजे आपल्या जठराच्या मानानं आम्ल फारच कमी. आंबवणातून निघालेली आम्लं रक्तात शोषली जाऊन ताकद देतात, आणि मागच्या आम्लधर्मी भागात पोचलेले जिवाणूही पचवले जातात. सगळं गाईसारखंच, फक्त वानर रवंथ करत नाही. दुपारभर फांदीवर बसून राहिलेलं वानर आळशी नसतं, त्याची भट्टी चालू असते. भूतान-आसामकडच्या डोंगरपायथ्याच्या जंगलातलं सोनेरी वानर याच कुळातलं, त्याचीही पोटाची तऱ्हा हीच.

आता त्यात केळी, बिस्किटं, साखरफुटाणे टाका. साखर आणि पिठूळ पदार्थ झपाट्यानं आंबतात, सामू घसरतो म्हणजे आम्ल वाढतं, पाला पचवणारे जिवाणू मरतात. पोट फुगतं, हगवण लागते. गाय सुटून मक्याच्या राशीवर तुटून पडली की काय होतं हे दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. इथे तेच, लहान अंगात. एका केळ्यानं वानर मरत नाही हे खरं. पण एक केळं तुमचं असतं, मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातही एकेक असतंच.

डोंगरात त्याचं खाणं वेगळं. वड, पिंपळ, उंबराची कोवळी पानं आणि फळं, पळस-सावरीची फुलं, बाभळीच्या शेंगा, जांभळं. कोवळ्या पानात प्रथिनं जास्त आणि चोथा कमी, म्हणून निवड तिकडे. शिवाय थोडं या झाडाचं, थोडं त्या झाडाचं, म्हणजे एकाच पाल्यातलं विष अंगावर येत नाही.

पायऱ्यांवर प्लास्टिकची पिशवी हातात धरूच नका, ती दिसली की खाऊ आला असं त्यांना शिकवलंय आपणच. खाणं सॅकच्या आत, चेन लावून. नजर रोखू नका, दात दाखवून हसू नका. मोठा नर दात करकरवत असेल तर मागे सरका. काळसर पिल्लू अंगाला बिलगलेलं असेल तर आणखी लांबून जा. वानरानं पिशवी धरलीच तर तुम्ही सोडून द्या. ओढाओढीतच चावे बसतात. चावा किंवा ओरखडा आला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. जखमी वानर दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.

पुण्यच हवं तर स्वतःच्या बांधावर वड लावा. मनगटाएवढी जाड, ५-६ फूट लांब फांदी, पानं काढून, पहिल्या चांगल्या पावसानंतर दीड-दोन फूट खोल गाडायची. वरच्या कापावर शेणमाती लिंपायची, नाहीतर टोक सुकत खाली येतं. खड्ड्यात पाणी साचलं तर बुडखा कुजतो, म्हणून जागा उताराची निवडा. बाभळीच्या काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी घाला, शेळ्या वाट बघत नाहीत. उंबराचं मात्र रोप आणा. विहिरीच्या काठाला आणि घराच्या भिंतीला यातलं काहीच नको, मुळं दगड उचकटतात. आणि रस्त्याकडेलाही नको, खाली उतरलेली वानरं गाडीखाली येतात.