डाव्या हाताचं तळं

"मॅडम, डाव्या हाताला ठेवायला तळंच नाही न इथं!"

नोव्हेंबरातला गुरुवार, सकाळचे साडेअकरा. मी फ्रान्समधल्या तूर शहरातल्या आमच्या ऑफिसात दुसरी कॉफी घेऊन नुकती बसले होते. आमची कंपनी लहान, पायी भटकणाऱ्यांसाठी सहली आखणारी. सोबत गाईड नसतो. मुक्कामाच्या जागा आम्ही ठरवतो, सामान गाडीने पुढे पाठवतो आणि हातात चालीची टिपणं देतो: अमुक क्रॉसजवळ उजवीकडे, तमुक शेतघराच्या मागून. ती टिपणं लिहिणं आणि फोनवर वाट चुकलेल्यांना सोडवणं, ही माझी नोकरी.

फोनवर होते भंडाऱ्याचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पॅरिसच्या लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले होते, तिने आई-बाबांना चार दिवस ब्रेनमध्ये पाठवलं होतं. त्यांच्यासाठी मी टिपणं मुद्दाम मराठीत करून दिली होती आणि त्याचं मला जरा कौतुकही होतं.

ब्रेन म्हणजे तूरच्या दक्षिणेचा, अँद्र जिल्ह्यातला तळ्यांचा मुलूख. लोक त्याला 'हजार तळ्यांचा देश' म्हणतात, प्रत्यक्षात तळी त्याहून कितीतरी जास्त आहेत. मधे ओकची जंगलं, पुरुषभर उंच हेदरची झुडपं, लाल वालुकाश्माची घरं. यातलं एकही मोठं तळं निसर्गाने दिलेलं नाही. जमीन चिकट, पाणी मुरत नाही, पीक धड येत नाही, म्हणून मध्ययुगात मठांनी आणि जमीनदारांनी बांध घातले आणि मासे पाळले. ख्रिस्ती लोकांना शुक्रवारी आणि उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असायचं, मासे मात्र चालायचे, त्यामुळे माशाला गिऱ्हाईक ठरलेलं.

"पिवळा पट्टा दिसतोय का झाडावर?" मी विचारलं. फ्रान्समध्ये खुणा केलेल्या पायवाटा एक लाख ऐंशी हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरा-लाल पट्टा, गावाभोवतीच्या छोट्या वाटांना पिवळा. फुली असेल तर इकडे येऊ नका.

"मागं एक होता. आता नाही. फुली पण नाही."

मी नकाशा उघडला. त्यात निळा डाग ठसठशीत. नकाशावरचं तळं कधी आटत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की मागच्या चौकात हे चुकीचे वळले. आणि अगदी ठाम आवाजात, पाच वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर, दोघांना दीड किलोमीटर मागे पाठवलं.

पाऊण तासाने पुन्हा फोन.

"मॅडम, चौकात आलो. पण आम्ही बरोबरच होतो. इथल्या नाल्यात गढूळ पाणी धो धो चाललंय. आठवडाभर पाऊस नाही, तर हे आलं कुठून? वरचं तळं सोडलंय त्यांनी. वरच्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खालच्यात. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना जेवू द्या आधी. आपलं काय, चालायलाच आलोय!"

मला घाम फुटला. ती टिपणं मी जूनमध्ये, तळी काठोकाठ असताना लिहिली होती. ब्रेनमध्ये राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ऑक्टोबरपासून हिवाळाभर एकेक तळं रिकामं करून मासे काढतात. मलाही ठाऊक होतं! मी तो सोहळा पाहिलेला, तळलेला कार्प खाल्लेला. तरी लिहिताना 'तळं डाव्या हाताला ठेवा'. त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी तीन इंग्रज बायका येणार होत्या. चावी उचलली आणि निघाले.

दोनच्या सुमाराला पोहोचले, तर काका-काकू पुन्हा त्याच बांधावर उभे. डावीकडे विस्तीर्ण चॉकलेटी गाळ, त्यात बगळ्यांचे ठसे. पाणी उरलं होतं फक्त बांधाला लागून, सगळ्यात खोल खड्ड्यात, आणि ते पाणी उकळत होतं म्हणावं असं हलत होतं. छातीपर्यंतच्या रबरी पँटी घातलेली आठ-दहा माणसं जाळं आवळत आणत होती. मग झोळण्यांनी उपसा सुरू. मासे उतरत्या टेबलावर धडाधड आदळायचे आणि चार जोड हात न बोलता निवडायचे: पाइक इकडे, टेंच तिकडे, लहान पिल्लं दुसऱ्या तळ्यात सोडायला वेगळ्या टपात. दोन-तीन किलोचे कार्प वजन होऊन थेट ट्रकवरच्या टाक्यांत, तिथे प्राणवायूचे बुडबुडे चालू.

काका टेबलापाशी वाकले. मोजकेच पण रुपयाएवढे खवले असलेला एक धूड त्यांनी निरखला.

"हा तर आपला सायप्रिनस, कार्पच की!"

शेजारचा म्हातारा कोळी त्यांच्याकडे बघून हसला. एकाला फ्रेंच येत नाही, दुसऱ्याला मराठी. पण पुढची वीस मिनिटं मी दुभाषी म्हणून फुकटच उभी होते. काकांनी बांधातल्या त्या खुंट्याकडे बोट दाखवलं, ज्याचं बूच वर ओढून तळं रिकामं करतात. म्हाताऱ्याने हाताने ओढून दाखवलं, बोटांनी दिवस मोजले: दहा, बारा. हळूहळू सोडायचं, नाहीतर मासे गाळात अडकतात. काकांनी मान डोलावली.

"आमच्याकडे पाणी सोडायच्या या जागेला तुडूम म्हणतात," ते मला म्हणाले. "कोहळी समाजानं बांधलेले तलाव आहेत आमचे, तिनेकशे वर्षांपूर्वीचे. मासे धरणारे ढिवर. फक्त आमचं पाणी धानाला जातं, यांचं बिचाऱ्यांचं नुसतंच पुढं जातं."

मी माफी मागितली. काकांनी खिशातून माझी टिपणं काढली. पेन्सिलीने 'तळं'वर काट मारून वर लिहिलं होतं 'पाळ', म्हणजे बांध. "खूण कशाची द्यायची? जे हलत नाही त्याची. पाणी काय, आज आहे उद्या नाही."

खात्यातला माणूस, टिपणी मारल्याशिवाय कागद पुढे सरकवणार नाही! पण बरोबर होतं. मी तिथेच बसून सगळ्या तळ्यांच्या ओळी बदलल्या. बांध, दगडी खुंटा, दोन ओक. इंग्रज बायकांच्या हॉटेलवर फोन करून नवीन पान छापून ठेवायला सांगितलं.

रोनेचा मुक्काम अजून सात किलोमीटर होता. मी फुकट चालवलेल्या तीन किलोमीटरांची भरपाई म्हणून गाडीने सोडते म्हटलं. काकू लगेच तयार झाल्या, मग काकांकडे बघून थांबल्या.

"काहून? पाच वाजेपर्यंत उजेड आहे न," काका म्हणाले.

काकूंनी सॅकचे पट्टे आवळले. दूरच्या कुठल्या तरी भरलेल्या तळ्यावरून क्रौंच ओरडत होते. गाळ डाव्या हाताला ठेवून दोघं निघाले.