चंपाषष्ठीपर्यंत

वैशाखातल्या दुपारी आमच्या गॅलरीचं दार वाऱ्यानं धाडकन आपटतं, म्हणून त्याला आजोबांचा व्यायामाचा जड लाकडी मुद्गल लावलेला असतो. एकच. दुसरा चुलतभावाकडे, इथेच बडोद्यात, कारेलीबागेत. वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांची आठवण बाबांनाही हवी होती आणि काकांनाही, आणि जोडीखेरीज सारखं वाटता येईल असं त्यांच्या खोलीत दुसरं काही नव्हतं. तेव्हा दोन्ही घरांत एकेक मुद्गल आला आणि व्यायाम कुणाच्याच घरात आला नाही.

2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. जेवणं उरकून मी डॉक्टरीणबाईंनी दिलेला तक्ता फ्रिजवर लावत होते. वाऱ्यानं तो उडाला आणि जाऊन मुद्गलाला चिकटला. उचलला तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. सकाळी साडेसहा, कोमट पाणी. सात, चालणे, चाळीस मिनिटं. आठ, मूग किंवा बेसनाचा पुडा, तेल एक चमचा. असं करत करत रात्रीच्या साडेसातपर्यंत. वरच्या कोपऱ्यात सुरू करायची तारीख होती. संपायची तारीख कुठेच नव्हती. मी कागद उलटून पाहिला. मागे कसल्याशा औषधाची जाहिरात होती.

मला कारल्याचं वावडं नाही. पहाटे उठायचंही नाही. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला शिस्तीची भीती कोण घालणार? पण शेवट नसलेला कागद मला बघवत नाही. बिनमुदतीचं कर्ज आम्ही कुणाला देत नव्हतो.

आमच्या दांडिया बाजारच्या घरात नेम काही कमी नव्हते. पण प्रत्येक नेमाला सुटायचा दिवस होता. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालिपिठं, भरले कांदे, पीठ पेरलेली कांद्याची पात मिळाली तर तीही. टोपलीतला शेवटचा कांदा संपेपर्यंत सगळ्यांनी खायचं. दुसऱ्या दिवसापासून कांदा, लसूण, वांगं बंद, ते थेट मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवल्यावरच सुटायचं. पावसाळ्यात पचन मंदावतं, वांग्यात कीड असते, वगैरे कारणं मी पुढे मोठेपणी ऐकली. आजीनं एकही कधी दिलं नाही. वांगं वाईट असं तिनं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. ते पाच महिने ते आमच्याकडे येत नसे, एवढंच.

चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी आजोबा मला घेऊन खंडेराव मार्केटात जायचे. मार्केट बांधलं सयाजीरावांनी, नाव दिलं खंडेरावांचं, आणि खंडेराव महाराज कुस्तीचे भारी शौकीन, त्यामुळे भाजी आणायला जातानाही आपण आखाड्याच्याच कामाला निघालोय असा आजोबांचा आव असे. वांगं ते डोळ्यांनी बघत नसत. तळहातावर घेऊन वरखाली तोलत. आकारानं मोठं आणि वजनाला हलकं हवं, म्हणजे आत बिया कमी. हा माणूस पहाटे जोडी फिरवायचा आणि संध्याकाळी त्याच मनगटानं वांगी तोलायचा. भाजीवाली वैतागून म्हणायची, "दादा, लेवुं छे के रमवुं छे?" घ्यायचंय की खेळायचंय?

आजोबांचा आखाडा म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, 1880 सालचं, घरापासून हाकेच्या अंतरावर. ते तिथे प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. माणिकराव ते आमच्याकडे 'प्रोफेसर'. नुसतं प्रोफेसर म्हटलं की दुसरा कुणी असूच शकत नाही, विद्यापीठ दोन पावलांवर असलं तरी. मोडलेली हाडं बसवायला लांबून लांबून लोक त्यांच्याकडे येत. कवायतीचे इंग्रजी हुकूम काढून त्यांनी आपल्या भाषेत हुकूम बसवले, आणि त्यातले निम्मे आजोबा आम्हा मुलांवर वापरत. जेवायला बसा हासुद्धा हुकूमच. डभोईला जन्मलेला गुणे नावाचा एक तरुण 1907 ते 1910 इथे शिकून गेला, त्याचे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ही कथा तर मी इतक्यांदा ऐकली की लहानपणी मला लोणावळा बडोद्याच्या पलीकडेच कुठेतरी वाटायचा.

मी दाराशी उभी राहायची. आतून तांबड्या मातीचा, तेलाचा, हळदीचा आणि घामाचा वास यायचा. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताकही घालतात हे कळल्यावर मी काही दिवस ताक सोडलं होतं. तोही नेमच, आणि त्यालाही शेवट होता, कारण उन्हाळा आला.

रविवारी कधी कमाटीबागेत नेत. लोक तिथे झू बघायला जातात. आम्ही म्युझियममधला एक दगड बघायला जायचो. गामा पहिलवानानं उचललेली शिळा. तिच्यावर 23 डिसेंबर 1902 ही तारीख आहे आणि वजन 1200 किलो सांगतात. आजोबा तिच्यासमोर चप्पल काढून उभे राहायचे. एकदा आजी बरोबर होती. तिनं दगडाला एक फेरी मारली आणि विचारलं, "बरं, उचलला. मग परत जागेवर ठेवला कुणी?"

आजीचे स्वतःचे नेम वेगळेच. एका चातुर्मासात तिनं तुळशीला लक्ष प्रदक्षिणा धरल्या होत्या. चार महिन्यांत लाख म्हणजे रोजच्या आठशेच्या वर, हा हिशोब मी बँकेत लागल्यावर केला आणि जरा वेळ बसून राहिले. दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके. एवढ्या फेऱ्या झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. कुणी हाक मारली तर बोटानं 'थांब' करायची, कारण आकडा विसरला तर देवाला खोटं सांगितल्यासारखं होईल. मधल्या वेळात स्वयंपाक, पाणी, धुणं हे होतंच. कार्तिकात उद्यापन झालं, मेहूण जेवलं, आणि दुसऱ्या दिवशी चिंचोके चुलीत गेले. पुढच्या वर्षी दुसरा नेम. त्या वर्षी बहुतेक मौन धरून जेवण्याचा. तो आम्हाला सगळ्यात आवडला होता, कारण तिचं जेवण होईपर्यंत कुणी ओरडत नसे.

आता मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलांसाठी हटून बसतं. हे दहा हजार कुठून आले? 1965 साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' ठेवलं. नाव गोड वाटलं, विकलं गेलं, आणि सगळं जग त्या आकड्यामागे चालायला लागलं. ठीक आहे, लाखाचा आकडाही काही प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. पण जपानी यंत्र रात्री बारा वाजता शून्यावर येतं. चिंचोके शून्यावर येत नव्हते. ते साठत होते.

आमच्या भिशीतला एक प्रसंग इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. गेली काही वर्षं कुठल्याही मराठी घोळक्यात दीक्षित की दिवेकर हा प्रश्न निघतोच, पूर्वी पुण्याचे की मुंबईचे हा निघायचा तसा. समोर लीलो चेवडो, सेव-उसळ आणि कुणीतरी आणलेली भाकरवडी. एकीचं दीक्षितांचं, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत. दुसरी दिवेकरांची, दर दोन तासांनी थोडंथोडं. पहिलीची पंचावन्न मिनिटं संपत आली होती म्हणून ती भराभर खात होती. दुसरीचे दोन तास भरले होते म्हणून तीही खात होती. मी काहीच पाळत नव्हते, त्यामुळे मला खाण्याचं कारणच सापडेना.

आणि पाळत असते तरी सांगितलं नसतं. हा माझा एक विक्षिप्तपणा समजा. आपण व्यायाम करतो हे चार लोकांना कळलं की तो मोडतो, असं माझं ठाम मत आहे. समोरच्या बेन लिफ्टमध्ये भेटल्या की पहिला प्रश्न, "वजन ऊतर्युं?" या प्रश्नानं कितीतरी बायकांचे बेत मोडलेले मी पाहिलेत. म्हणून मी गच्चीवर चालायला जाते तेव्हा हातात कपड्यांची बादली असते. कपडे असतात असं नाही.

पण आजोबांच्या नेमाला शेवटचा दिवस कुठे होता, असं कुणी विचारेल. नव्हता. पन्नासएक वर्षं, ऊन-पाऊस, लग्नघर, सुतकसुद्धा, पहाटे जोर, बैठका, मग जोडी. मलाही हे बरीच वर्षं कोडं होतं. त्याचं उत्तर घरातच होतं, फक्त ते पाठमोरं काम करत असे. आजोबा पहाटे चारला उठत. आजी साडेतीनला. रात्री भिजवलेले बदाम सोलून दगडी खलात घोटायचे, दूध तापवायचं, न्हाणीघराचा बंब पेटवायचा, लंगोट वाळला नसेल तर बंबावर धरायचा. ते परत आले की पेला हातात. मग ती अंघोळ करून तिचे नेम सुरू करायची. सगळी आळी आजोबांचं नाव घ्यायची: नेम असावा तर असा! आजीच्या साडेतीनचं कुणाला माहीत होतं? ती पिशवीत मावेल एवढं आयुष्य जगली आणि एका श्रावणात गेली.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी आजोबा चारला उठले. स्वयंपाकघरात दिवा लावून बराच वेळ उभे होते, असं आई सांगायची. खल कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर जोडी त्यांनी हातात धरली नाही. लोक म्हणाले, दुःखानं. असेलही.

आमच्याकडे हे आठला उठतात. माझ्या आधी उठून मूग भिजवणारं कुणी नाही आणि असावं असंही वाटत नाही. तेव्हा मी काय केलं, तक्त्याला आपल्या हातानं शेवट दिला. कांदेनवमी ते चंपाषष्ठी. तेवढे दिवस साखर, बेकरी, तळण बंद, गच्चीवरची फेरी रोज, रात्रीचं जेवण साडेसातला. कांदेनवमीला भजी तर खाल्लीच, शिवाय न्यायमंदिराकडे जाऊन जिलबीही खाऊन आले. दुसऱ्या दिवसापासून चोख. आषाढ सरता सरता लक्षात आलं की त्या साली अधिक श्रावण आहे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा नेम धरायला मी नेमका पाच महिन्यांचा चातुर्मास निवडला होता. पंचांग भिंतीवरच होतं. आजी असती तर कांदेनवमीलाच बजावलं असतं.

डिसेंबरात भरीत खाल्लं. काय सांगू तुम्हाला! निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कच्चा कांदा, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. ज्यानं पाच-सहा महिने वांगं सोडलेलं नाही त्याला भरीत कळलेलंच नाही, असं मी त्या दिवशी दोघातिघांना फोन करून सांगितलं.

मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलगी तरुण आहे, आमच्या सुनेच्या वयाची. रिपोर्ट बघून खूश झाली. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खाली आला होता. हा आकडा तीन महिन्यांचाच का दिसतो ते तिनं समजावून सांगितलं: रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, आणि जगते तेवढ्या काळात तिला साखर चिकटत राहते, तेव्हा आदल्या दिवशी उपास करून ही तपासणी फसवता येत नाही. मी मनात हिशोब केला. 120 दिवस म्हणजे चार महिने. रक्तालासुद्धा चातुर्मास कळतो. मी तिला हे सांगायला गेले, पण गुजरातीत नीट मांडता येईना, तेव्हा सरळ माझा कांदेनवमीचा बेत सांगितला.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पछी?" म्हणजे, मग पुढे?

"पछी रींगणनो ओळो." मग वांग्याचं भरीत.

"एना पछी?"

मी म्हटलं, एना पछी आषाढ.

"मासी, चार्ट कायम माटे छे," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पेन उघडलेलंच होतं. मार्चमध्ये तीन महिन्यांची साखर पुन्हा बघायची. त्याआधी उपाशीपोटीची, 16 जानेवारीला, सकाळी आठ वाजता.

चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण. दोन दिवस सगळं बडोदं गच्चीवर, ऊंधियुं, जलेबी, चिक्की. आणि आमच्या घरात त्यावर तिळगूळ आणि गुळाची पोळी. मी जरा चाचरत विचारलं, वीस तारीख नाही का जमणार? बाविसावी?

तिनं कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही. ती बडोद्यातच लहानाची मोठी झालेली आहे.

"ना मासी. सोळ ज."