दूध एक, तोट्या दोन

दुधातलं क्रीम वेगळं काढणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सेपरेटरच्या, एका तोटीतून दाट, पिवळसर क्रीम संथपणे पडतं. दुसरीतून निळसर झाक असलेलं पातळ स्किम दूध भराभर वाहतं. दुधाच्या बिलावर मात्र क्रीमचे किती आणि स्किमचे किती, असं काही लिहिलेलं नसतं. ते मी लिहिते. डेअरीच्या कॉस्टिंगमधलं माझं कामच ते.

सुरुवातीला मी खर्च वजनावर वाटला होता. ४ टक्के फॅटचं १०० किलो दूध घेतलं आणि ४० टक्के फॅटचं क्रीम काढलं, तर साधारण १० किलो क्रीम निघतं आणि ९० किलो स्किम उरतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून दूध आणि सेपरेशनचा मिळून खर्च १०० धरू. स्किमच्या माथी ९०, क्रीमकडे १०. समजा क्रीम विकून ७० आले, स्किम विकून ५४. झालं, शीटवर स्किम ३६ नं तोट्यात! मीटिंगमध्ये लगेच प्रश्न आला, "मग स्किम विकायचंच कशाला?" मी गप्प बसले, त्याचं आजही वाईट वाटतं. स्किम विकणं थांबवलं तरी दुधाचं बिल १०० चंच राहणार आणि हाती फक्त ७० येणार. २४ चा नफा जाऊन ३० चा तोटा. निर्णय त्या दिवशी लांबणीवर पडला, म्हणून निभावलं.

आता मी विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटते. १२४ पैकी स्किमचे ५४, म्हणून खर्चातले सुमारे ४३.५ स्किमकडे आणि ५६.५ क्रीमकडे. मालसाठ्याचं मूल्य कसं मोजायचं हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ मध्येही ही पद्धत उदाहरण म्हणून दिली आहे. वाटप तर्काला धरून आणि दर वेळी त्याच रीतीनं व्हावं, एवढीच त्याची अट. लोणी घुसळताना निघणाऱ्या ताकाचे पैसे किरकोळ असतात, त्यामुळे त्याला वेगळा खर्च न लावता ते लोण्याच्या खर्चातून वजा करते.

पण हीसुद्धा वाटणीच आहे. उद्या क्रीमचा भाव चढला की स्किमचा 'खर्च' आपोआप उतरतो, आणि मशीनवर तर काहीच बदललेलं नसतं. म्हणून या आकड्यावरून स्किमची किंमत ठरवायला मी ठाम नकार देते. भावावरून खर्च काढायचा आणि त्याच खर्चावरून पुन्हा भाव, हे गोल गोल फिरणं झालं.

गेल्या आठवड्यात विचारणा झाली, स्किम तसंच विकावं की पावडर करावी? ९० किलो स्किममधून आठ किलोंच्या थोडी वर पावडर मिळते. मी कागदावर तीनच आकडे मांडले: पावडरचे येणारे पैसे, त्यातून वजा वाफ, वीज, पिशव्या वगैरे सुकवण्याचा खर्च, आणि शेजारी स्किम तसंच विकून येणारे ते ५४. दुधाचे १०० त्या कागदावर आणलेच नाहीत. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दुधाचा खर्च राहिला." यावेळी मी गप्प बसले नाही.