पहिल्या सेशनलचे सोळा गुण

दुकानात उधारीची एक डायरी आहे. तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय : ३५ + ११ = ४६. खाली दोन रेघा. तो आकडा उधारीचा नाही, आमच्या थोरलीच्या दुसऱ्या सेमिस्टरचा आहे. विषय ऑरगॅनिक केमिस्ट्री.

मी नाशिकच्या सिडकोत मेडिकल चालवतो. १९९८ साली डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालो, तेव्हापासून काउंटरवर आहे. मुलीने बारावी सायन्सनंतर बी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिग्रीला प्रवेश घेतला, तेव्हा छाती भरून आली. शिक्षण माझ्याच लाइनचं, म्हणजे घरात विचारायला माणूस आहे असं मला वाटलं. नेमकं तिथेच चुकलं.

मार्च महिन्यात पिंपळगावला पुतण्याचं लग्न होतं. द्राक्षांचा हंगाम, घरात माणसं कमी, हळदीपासून सगळं आमच्याकडेच. हळदीच्या दिवशी थोरलीची पहिली सेशनल, म्हणजे सेमिस्टरच्या मधली कॉलेजची परीक्षा होती. ती घुटमळत होती. म्हणाली, "पप्पा, सकाळचा पेपर देते आणि दुपारच्या एसटीने येते." मी म्हटलं, "अगं, एका सेशनलने काय होतंय? तीन असतात, त्यातल्या चांगल्या दोन धरतात." अगदी खात्रीने सांगितलं, कारण आमच्या वेळी तसंच होतं. १९९१ च्या नियमावलीत डी.फार्म.ला वर्षात तीन सेशनल व्हायच्या, त्यातल्या उत्तम दोन धरायच्या आणि त्यावर २० गुण. लेखी ८० चं. एखादी बुडाली तरी कुणी घाबरत नसे. बी.फार्म.चा नियम वेगळा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिनेही बापावर विश्वास ठेवला आणि बॅग भरली.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती दुकानात आली आणि काही न बोलता मोबाइल माझ्यासमोर धरला. त्या विषयापुढे एफ, म्हणजे नापास. बाकी सगळं सुटलं होतं. ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकलही, कारण ते वेगळं धरतात : ३५ ची परीक्षा, १५ इंटर्नल म्हणजे कॉलेजच्या हातचे, ५० पैकी २५ ला पास. अडकली ती फक्त थिअरी. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या गोळ्या देऊन मी अर्धं शटर ओढलं आणि दोघं बाकावर बसलो.

मी आधी लेखीचाच विचार करत होतो. एसएन-वन, एसएन-टू या रिअॅक्शन अवघड गेल्या का, वेळ पुरला नाही का. ७५ चा पेपर, तीन तास : २० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, दहा-दहाचे तीन मोठे त्यातले दोन, पाच-पाचचे नऊ त्यातले सात. त्यात हिला ३५. म्हणजे पेपर काही वाया गेला नव्हता. बी.फार्म.ला फार्मसी कौन्सिलचा नियम असा की इंटर्नल धरून १०० पैकी ५० मिळाले की विषय सुटतो. तेव्हा खरा प्रश्न ११ चा होता. २५ पैकी ११ च का?

तिने वहीत उतरवलेला तक्ता काढला. इंटर्नलच्या २५ पैकी १५ सेशनलचे आणि १० वर्षभराच्या, म्हणजे सेमिस्टरभराच्या वागण्याचे. या दहातले ४ हजेरीचे, ३ असाइनमेंट, क्विझ, सेमिनार अशा कामांचे आणि ३ शिक्षकांशी बोलण्या-विचारण्याचे. हिला कामांचे २ आणि विचारण्याचे २ मिळाले होते. हजेरीचा फक्त १.

हजेरीवर मी अडलो. मुलगी कॉलेजला दांडी मारणारी नाही. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की परीक्षेलाच बसता येत नाही, तेही थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं, हे तिला माहीत होतं आणि ती त्याच्या वरच होती. पण गुण पायरीपायरीने आहेत : ८० ते ८४ टक्क्यांना १, ८५ ते ८९ ला २, ९० ते ९४ ला ३, त्याच्या वर ४. त्या विषयाचे ४५ तास झाले होते, ही ३८ ला हजर होती. डायरीच्या त्याच पानावर भागाकार केला : ८४.४. एक तास जास्त बसली असती तर ३९, म्हणजे ८६ च्या वर, आणि दोन गुण. सकाळी सिटीलिंकची बस चुकली म्हणून तिचे दोन-तीन पहिले तास गेले होते. आम्ही दोघेही त्या ३८ आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो.

पण एका गुणाने काही होणार नव्हतं, चार कमी होते. ते चार कुठे गेले हे मला तक्त्याची पुढची ओळ वाचल्यावर कळलं. बी.फार्म.ला सेशनल दोनच. दोन्ही ३०-३० च्या, दोन्हींची सरासरी काढायची आणि १५ वर आणायची. चांगल्या दोन निवडण्याची सोय नाही, कारण तिसरी नाहीच. दुसऱ्या सेशनलला हिला ३० पैकी २४ होते. पहिलीत गैरहजर, शून्य. सरासरी १२, पंधरावर आणून ६. पहिल्या सेशनलला नुसते १६ पडले असते, तर सरासरी २० झाली असती, त्याचे १०, इंटर्नल १५, आणि ३५ मिळवले की बरोबर ५०.

सोळा गुण. जी मुलगी दुसऱ्या पेपरात २४ मिळवते, तिला सोळा अवघड नव्हते. त्या सकाळी ती पिंपळगावच्या घरी ओटीवर बसून पाहुण्यांना चहा देत होती, माझ्या सांगण्यावरून. मी तिला म्हटलं, "बाळा, हे माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "पप्पा, नियम मीपण वाचला नव्हता." हे तिने समजूतदारपणे म्हटलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात मॅडमना भेटली आणि दोन गोष्टी घेऊन आली. पहिली वाईट : विषय राहिला की लेखी पुन्हा द्यायची, पण इंटर्नल जुनंच पुढे चालतं. म्हणजे ते ११ चिकटलेलेच, आणि लेखीत ३५ नाही तर ३९ पाहिजेत. हेच इंटर्नल २० असतं तर ३० मध्ये भागलं असतं. दुसरी गोष्ट चांगली : सेशनल सुधारायची एक संधी मिळते, एकदाच, पुढच्या लेखी परीक्षेच्या आधी. हजेरीचा आणि बाकीचा गुण सुधारता येत नाही, ते दिवस गेले ते गेले.

बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, चौथ्या सेमिस्टरपर्यंत सोबत नेता येतो, पण पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्यात पाऊल ठेवता येत नाही. त्यामुळे हातात वेळ होता. वेळ आहे म्हणून ढकलत राहिलेली दोन मुलं माझ्या ओळखीत आहेत, दोघांचंही वर्ष गेलं. हिला मी तसं करू दिलं नाही, आणि तिलाही तसं करायचं नव्हतं.

सुधारणेची सेशनल गणपतीनंतर झाली. तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास चालू, त्यात हे. रात्री दुकान बंद करून घरी गेलो की ही कॅनिझारो रिअॅक्शन लिहून काढत बसलेली असायची. ३० पैकी २० पडले. वीस आणि चोवीस, सरासरी २२, त्याचे ११, बाकीचे ५ तेच, इंटर्नल १६. हिवाळ्यात लेखीत ४१. एकूण ५७, डी ग्रेड. चार क्रेडिटचा विषय होता, शून्याचे सहा ग्रेड पॉइंट झाले आणि एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची सरासरी, सावरला.

आता दुकानात कुणी सांगितलं की मुलाला बी.फार्म.ला टाकलंय, की मी आधी विचारतो, परीक्षेचे नियम वाचले का? बरेच जण म्हणतात, कॉलेज सांगेल की. कॉलेज सांगतं, पहिल्या आठवड्यात सांगतंही, पण तेव्हा मुलं होस्टेल आणि अॅप्रनच्या गडबडीत असतात. म्हणून मी तो तक्ता वहीतून उतरवून घेतलाय. गोळ्यांच्या पाकिटाबरोबर झेरॉक्स देतो आणि ४५ तासांचं गणित तिथेच काउंटरवर करून दाखवतो. औषधाचा डोस समजावून सांगावा तसं.

थोरलीने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. प्रत्येक विषयाचे झालेले तास आणि बसलेले तास, रोज रात्री भरते. या वर्षी दिंडोरीला मावसबहिणीचं लग्न होतं आणि त्याच दिवशी तिची सेशनल. मी विषयच काढला नाही. पेपर देऊन ती दुपारच्या एसटीने आली. तोवर लग्न लागून गेलं होतं, शेवटच्या पंगतीला तिच्या आईने तिच्यासाठी पान धरून ठेवलं होतं.