हत्तीचा मागचा पाय

मी लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, जेजे स्कूल ऑफ आर्टला होता का? नाही हो, मी कॉमर्सची. चित्रकला शिकले ती अण्णांच्या रद्दीवर.

अण्णा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे, म्हणजे भल्यामोठ्या ग्राफवर मोर काढायचा आणि मग त्यातली एकेक चौकट, ते तिला घर म्हणायचे, लाल पेन्सिलीनं भरत बसायचं. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, भोक असेल तिथला दोरा मागावरचं जॅकार्ड यंत्र वर उचलणार, नसेल तिथला खालीच राहणार, एवढ्यावर आख्खा मोर चादरीत उतरतो. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण तेव्हा एक घर चुकलं की चादरीतल्या प्रत्येक मोराला तेच कुबड. वर शेठची बोलणी.

वाया गेलेले ग्राफ घरी यायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी काय वाटेल ते काढायचे, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेतला पाळणा, तिथले नंदीध्वज, आणि काकूंनी रचलेली कडक भाकरीची चळत, जी मला कायम कुतुबमिनारसारखी वाटायची. घरी बालभारतीचं 'किशोर' यायचं. एकदा त्यात लेखकासोबत चित्रकाराचंही नाव दिसलं आणि डोक्यात उजेड पडला, अरेच्चा, म्हणजे याचे पैसे मिळतात की!

मिळतात, पण सावकाश. सुरुवातीची तीन वर्षं दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि रात्री ससे. मुलांचं पुस्तक बहुतेक १६, २४ नाहीतर ३२ पानांचंच का असतं तेही तेव्हाच कळलं, एकाच मोठ्या कागदावर बरीच पानं छापून घड्या घालतात, त्यामुळे पानं पटीतच येतात, मग गोष्ट १३ पानांत संपली तरी उरलेली तीन तुम्हीच भरा. अण्णांना हे लगेच पटलं. चादरीतही किनार आणि मधली जागा आधी मोजूनच बसवायची असते.

परवा माझं नवीन पुस्तक आलं. अण्णांनी चष्मा लावला, हत्तीच्या पानावर थांबले, नखानं काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "मागचा डावा पाय एक घर जास्त झालाय बघ." मी म्हटलं, अण्णा, यात घरं नसतात हो. ते काही बोलले नाहीत, चहा प्यायला गेले.

रात्री सगळे झोपल्यावर पट्टी घेऊन मोजलं. पाय खरंच लांब होता.