घाटातली थापेबाजी

चढावर आधी पाय थकतात, असं सायकल न चालवणाऱ्यांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. आधी डोळे थकतात. गोळेवाडीचा नाका मागे पडतो, सिंहगडाचा रस्ता वर चढायला लागतो आणि मान वर केली की गडावरचा टीव्हीचा टॉवर दिसतो. पाय तोवर ताजे असतात, पोटात केळं आणि चिक्की असते, तरी आतून कोणीतरी विचारतं, "तिथवर? सायकलने? कशाला?"

या "कशाला"ला उत्तर नाही. गडावर गाडी जाते, पायवाटही आहे. कुणी तरी आपल्याला सायकलने बोलावलंय असंही नाही. म्हणून उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता मनाला दुसरं काहीतरी काम लावून द्यायचं. चढावरची सगळी विद्या एवढीच आहे, बाकी गिअर आणि तेलपाणी.

डोळ्यांना मी उगाच दोष देत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभं करायचं आणि चढ किती अंशांचा वाटतो ते विचारायचं. ५ अंशांच्या चढाला लोक २० अंशांच्या आसपासचा आकडा सांगत होते. प्रॉफिट यांच्याच पुढच्या एका अभ्यासात, पाठीवर जड सॅक असलेल्यांना चढ आणखी खडा वाटला. यावर पुढे बरीच वादावादी झाली. सॅक पाठीवर दिली की आपल्याकडून कोणतं उत्तर हवंय हे माणसाला कळतंच, असं काही संशोधकांचं म्हणणं पडलं. ते काही असो. ५ अंश म्हणजे जवळपास ९ टक्के, शंभर मीटर पुढे गेलं की ९ मीटर वर. सिंहगडाचा रस्ता साडेआठ किलोमीटरच्या आसपास आणि चढाई सहाशे मीटरच्या घरात, म्हणजे सरासरी ७ टक्के. कागदावर बघितलं तर अगदीच सोसण्यासारखं. डोळ्यांना मात्र प्रत्येक वळणानंतर भिंत दिसते.

म्हणून पहिली युक्ती, वर बघायचंच नाही. नजर पुढच्या चाकापासून हात-दोन हात पुढे. तिथे रस्ता कधीच खडा दिसत नाही, नुसता डांबराचा पट्टा असतो. आणि त्या पट्ट्यावर किती काय असतं! ठिगळाच्या कडेला सुटलेली खडी, बाटलीचं निळं झाकण, माकडांनी सोलून टाकलेली मक्याची कणसं, वरून उतरणाऱ्या गाड्यांनी वळणावर दाबलेल्या ब्रेकचे काळे पट्टे. पावसाळ्यात वाणी रस्ता ओलांडत असतात. इतक्या हळू वेगात तो किडा नीट बघता येतो. काळपट अंग, पायांची लाट मागून पुढे सरकत जाते, एकही पाय दुसऱ्यात अडकत नाही. त्याला वाचवायला चाक जरा वळवावं लागतं आणि तेवढ्यात दहा-बारा पेडल फुकटात पडून जातात.

दुसरी युक्ती तुकड्यांची. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध घाटाला २१ वळणं आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी आहे. क्रमांक उलटे लावलेत, पायथ्याशी २१ आणि वर १. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला चढ कळला होता! आपल्याकडे पाट्या नाहीत, त्यामुळे खुणा ज्याच्या त्याने ठरवाव्या लागतात. तुटका कठडा, आंब्याचं झाड, ताकवालीचं पाल. मनाला सांगायचं, त्या आंब्यापर्यंत जाऊ, मग बघू. आंबा आला की म्हणायचं, सावली काही बरी नाही, कठड्यापाशी थांबू. गंमत म्हणजे मनाला ही थाप आहे हे पहिल्या आंब्यापासून माहीत असतं, तरी ते येतं. वीस रुपयांच्या कोथिंबिरीवर घासाघीस करणारी मी, स्वतःच्या बाबतीत इतकी सहज कशी फसते हे मला उमगलेलं नाही.

थापा एकट्या आपणच मारतो असंही नाही. घाटात सगळेच मारतात. उतरणाऱ्या कोणालाही "किती राहिलं?" विचारा, "हे काय, आलंच" हेच उत्तर. मध्यावर विचारा, नाहीतर पायथ्याशी. खरं बोलते फक्त ताकवाली. "ताई, ताक घ्या की. गड काय पळून चाललाय व्हय?" या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नसतं, पण हा ऐकून बरं वाटतं.

तिसरी युक्ती मोजण्याची. पेडल नुसते मोजले तर शंभराच्या आतच कंटाळा येतो. त्यापेक्षा पाढे बरे. सोपे नकोत, बेचा पाढा तोंडाने आपोआप चालतो आणि मन मोकळं सुटतं. एकोणतीसचा घ्यावा. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सोळोदरसे... सातव्या-आठव्या घराला गाडी अडते, परत मागे जावं लागतं, आणि तोवर एक वळण पार पडलेलं असतं. लहानपणी ज्या पाढ्यासाठी छड्या खाल्ल्या त्याचा असा उपयोग होईल, हे आमच्या बाईंनाही वाटलं नसेल.

ताल मात्र आपला आपल्याला सापडावा लागतो, आणि एकट्याला तो सापडणं कठीण. दिवेघाटात आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माणसांना मात्र जादा काही लागत नाही. टाळ, पखवाज आणि "ज्ञानोबा-तुकाराम" एवढ्यावर डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या बायका तो घाट चढून जातात, आणि मध्ये फुगड्याही घालतात. पावलांचा वेग आणि श्वासाचा वेग त्या गजरात एकत्र बांधला जातो. हा घाट एरवी सायकलने चढताना मी मनातल्या मनात तो ठेका धरून बघते. ओठांनी नाही, तेवढा दम उरत नाही. चार पेडलला एक "ज्ञानोबा", चार पेडलला एक "तुकाराम". पाढ्यापेक्षा हे जास्त टिकतं.

गिअरबद्दलही एक मानसिक गोष्ट आहे. मागची सर्वांत मोठी चकती, म्हणजे सर्वांत हलका गिअर, शेवटपर्यंत वापरायची नाही. पाय भरून आले, पोटऱ्या कुरकुरल्या, तरी ती शिल्लक आहे या भरवशावर बरंच अंतर निघतं. आणि पुरतीच वेळ आली तर उतरून ढकलायला लाज कसली? "घाटात पाय टेकवला नाही" असं छाती काढून सांगणारे लोक मला जरा कंटाळवाणे वाटतात. १९१० मध्ये टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली, तेव्हा ओक्ताव्ह लापीझ तूरमालेच्या चढावर काही अंतर सायकल ढकलतच गेला, आणि त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. चालता चालता गिअर बदलायची यंत्रणा त्या शर्यतीत १९३७ पर्यंत वापरूच देत नव्हते, हेही इथे सांगायला हवं.

लाच तर द्यावीच लागते. सिंहगडावर ती मडक्यातल्या दह्याची. कोंढणपूर फाट्यानंतर माझी सगळी बोलणी दह्यावर येतात. एक मडकं कबूल केलेलं असतं, शेवटच्या चढाला दोन होतात, वर कांदाभजी. हिशेब करायचा तर सायकलसकट ८० किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला शरीर साडेचारशे-पाचशे किलोकॅलरी जाळतं, आणि भज्यांच्या ताटाशी बसलं की त्या परत यायला वेळ लागत नाही. हा हिशेब चढताना कधी मांडू नये.

बोपदेव घाटात मात्र यातलं काही चालत नाही. तो छोटा आणि खडा. आंबा-कठडा करत बसायला सवडच मिळत नाही, वर दहीही नाही. तिथे मी सरळ भांडते. येवलेवाडी मागे पडली की सोसायटीतल्या पार्किंगचा विषय काढते आणि सेक्रेटरींना असे मुद्देसूद सुनावते की बैठकीत कुणाला सुचणार नाही. अर्ध्या घाटात ते निरुत्तर होतात, माथ्यावर माफी मागतात. सासवडला चहा पिईपर्यंत त्यातला एकही मुद्दा आठवत नाही, आणि घरी येऊन बघते तर आमच्या जागेत पुन्हा त्यांचीच स्कूटर.